जुन्या कारटेपला ऑक्स कसं बसवायचं (टेप फेकून देऊ नका प्लीज)

बाबांच्या मारुती ८०० मध्ये अजून तोच कॅसेटवाला टेप आहे, आणि तो काढून नवीन अँड्रॉइड स्क्रीन बसवा म्हणून सगळे मागे लागलेले. पण त्या टेपचा आवाज खरंच छान आहे, नॉबला वजन आहे, रात्री हिरवा लाईट लागतो, का काढायचा? म्हणून त्यालाच ऑक्स (फोन वायरने जोडायचं सॉकेट) बसवलं. दोन संध्याकाळी गेल्या, सामान सगळं तापकीर गल्लीत मिळालं. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा.

आधी सोपे मार्ग सांगतो, म्हणजे उगाच टेप उघडायला नको. कॅसेटच्या आकाराचा ॲडाप्टर मिळतो, आत घातला की फोनचं गाणं टेपच्या हेडवाटे (कॅसेटची फीत वाचणारा भाग) वाजतं. तात्पुरतं ठीक आहे, पण आवाज दबका येतो आणि ऑटो-रिव्हर्स टेपमध्ये कधीकधी तो सारखी साईड बदलत बसतो. दुसरा एफएम ट्रान्समीटर, लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा. गावाकडे बरा चालतो, पुण्यात मात्र ९१.१, ९८.३, १०१ अशी स्टेशनं आहेत, त्यात रिकामी जागा शोधा आणि चार किलोमीटर पुढे गेलं की परत खरखर. मला नाही पटलं.

आता खरं काम. टेप उघडल्यावर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच असतो, फोनचा आवाज आत नेमका कुठे सोडायचा. मी पहिल्यांदा हेडच्या बारीक वायरींना फोनची वायर डाग देऊन (सोल्डर करून) जोडली होती. आवाज फाटला आणि वर नुसता बेस. नंतर कारण कळलं. हेडमधून येणारा सिग्नल एक मिलीव्होल्टपेक्षाही कमी असतो आणि फोन देतो अर्धा-एक व्होल्ट, म्हणजे हजारपटीहून जास्त. शिवाय हेडच्या मागचा प्रीॲम्प (हेडचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) कॅसेटसाठी मुद्दाम खालचे सूर उचलतो, त्यामुळे फोनचं गाणं तिथून घातलं की घुमतंच. स्पीकरच्या वायरीवर तर अजिबात जोडू नका, बऱ्याच सेटमध्ये स्पीकरची एकही वायर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेली) नसते, फोन जाऊ शकतो. बरोबर जागा म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल, कारण टेप आणि रेडिओ दोन्हींचा आवाज तयार होऊन तिथे येतो आणि तिथून पुढे ॲम्पला जातो.

सुरुवात बॅटरीपासून, १० नंबरचा पाना घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. (टेपला सिक्युरिटी कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा, बॅटरी काढली की मागतो.) मग टेपच्या दोन्ही बाजूंच्या फटीत त्याच्या चाव्या (टेप सोडवायच्या धातूच्या पट्ट्या) घालून बाहेर ओढा. मागच्या वायरींचा फोटो काढाच, पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल किल्लीवरची, काळी अर्थ असा साधारण हिशोब असतो पण आधी कुणी हात घातला असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका.

झाकण काढलं की व्हॉल्यूमच्या नॉबमागे पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) दिसेल, स्टिरिओ असल्यामुळे तीन-तीन पिनांच्या दोन ओळी. लाऊडनेस (हळू आवाजात बेस वाढवायची सोय) असेल तर चार-चार. मल्टिमीटर घ्या, सप्लाय बंदच ठेवा. जी पिन बॉडीशी बीप देते ती अर्थ. उरलेल्यांपैकी जिचा अर्थशी रेझिस्टन्स नॉब फिरवल्यावर शून्यापासून वर जातो ती मधली, म्हणजे आउटपुट. आणि जिचा फारसा बदलत नाही ती इनपुट, आपल्याला हीच हवी, दोन्ही ओळींतली. (लाऊडनेसची जादा पिनही स्थिर दिसते, पण तिचा आकडा कमी असतो.) नॉब कुठेही न अडता गोल गोल फिरत असेल तर मात्र थांबा, तो डिजिटल आहे, त्यातून ऑडिओ जातच नाही, तिथे प्रीॲम्पच्या आयसीचा (चिपचा) नंबर वाचून त्याची डेटाशीट (कंपनीने दिलेली माहिती) बघायला लागते.

सॉकेट घेताना ३.५ एमएमचं, स्टिरिओ आणि स्विचवालं मागा, पाच पिनांचं येतं. त्याची गंमत अशी की फोनच्या वायरीची पिन घातली नसेल तर आतला स्विच जोडलेला राहतो आणि टेप-रेडिओ नेहमीसारखे वाजतात, पिन घातली की त्यांचा रस्ता तुटतो आणि फक्त फोन उरतो. मीटरने बीप बघून जोड्या ओळखा. मग इनपुट पिनेकडे येणारा पीसीबीवरचा (सर्किटच्या पाटीवरचा) ट्रॅक ब्लेडने कापा, दोन्ही चॅनलचा. कापलेल्याची टेपकडची बाजू सॉकेटच्या स्विचच्या पिनेला, आणि सॉकेटची टिप व रिंग (फोनच्या पिनेचं टोक आणि त्यामागचं कडं जिथे टेकतं त्या पिना) पॉटच्या इनपुटला, टिप डावीकडे आणि रिंग उजवीकडे. टिप आणि पॉटच्या मध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर टाका, रिंगलाही तसाच दुसरा. याने डीसी (बॅटरीसारखा स्थिर व्होल्टेज) अडतो, आणि फिल्मवाल्याला प्लस-मायनस नसतं म्हणून चुकायची भीती नाही. सॉकेटचा अर्थ पॉटच्या अर्थ पिनेलाच न्या, बॉडीला दुसरीकडे नको. वायर शिल्डेडच (आत जाळीचं आवरण असलेली) घ्या आणि शिल्ड एकाच टोकाला जोडा, हे मी टाळलं होतं तर गाडी चालू केल्यावर हॉर्न, वायपर सगळं स्पीकरमधून ऐकू यायला लागलं.

सॉकेटसाठी मी पुढच्या पॅनलला भोक पाडलं नाही, जीव झाला नाही. वायर मागून काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये आणली.

झाकण लावायच्या आधी बाहेरच १२ व्होल्टवर एक स्पीकर लावून ऐका. ऑक्स वाजवताना सेट रेडिओवर ठेवा, कारण बऱ्याच टेपमध्ये कॅसेट किंवा रेडिओ चालू असल्याशिवाय ॲम्पला सप्लायच मिळत नाही. फोनचा आवाज पाऊण ठेवा, बाकी नॉबने. आणि फोन लायटरवर चार्जिंगला लावल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी कूंऽऽ ऐकू आली तर तुमचं जोडकाम चुकलंय असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप (चार्जर आणि ऑक्सची वायर अशा दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारा आवाज) असतो. चार्जर काढला की जातो. कायमचा घालवायचा तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, फोन आणि सॉकेटच्या मध्ये लावला की झालं. नवीन फोनला ३.५ चं भोकच नसतं, त्याला सी-टाईपचा डोंगल घ्या, बाबांच्या गाडीत तो आता ग्लोव्ह बॉक्समध्येच कॅसेटींच्या शेजारी पडलेला असतो.