कोबाल्ट ग्रीन: जलरंगात कसा वापरावा

पावसाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून सिंहगडाच्या दिशेने पाहिले, तर पायाजवळचे गवत पिवळसर हिरवे दिसते आणि दूरच्या डोंगररांगा निळसर, फिकट हिरव्या दिसतात. कोबाल्ट ग्रीन या दुसऱ्या हिरव्यासाठी आहे. जवळच्या गवताला तो एकटा लावू नये, त्यात पिवळा मिसळावा.

रंग घेताना ट्यूबवरील नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा; त्यातला ‘पीजी’ म्हणजे ‘पिगमेंट ग्रीन’, अर्थात हिरवे रंगद्रव्य. पीजी १९ हा कोबाल्ट आणि जस्त यांच्या ऑक्साइडांपासून तयार होणारा मूळचा कोबाल्ट ग्रीन होय; स्वीडनच्या स्वेन रिनमन यांनी तो १७८० मध्ये शोधला. पीजी ५० मध्ये कोबाल्टच्या जोडीला टायटॅनियम असते, त्यामुळे तो अधिक उजळ व अधिक अपारदर्शक असतो, तर क्रोमियमयुक्त पीजी २६ गडद असतो. नावापुढे ‘ह्यू’ (म्हणजे दुसऱ्या रंगद्रव्याने साधलेली तशीच छटा) आणि क्रमांक पीजी ७ असेल, तर तो थॅलो ग्रीन आहे. तो कागदाला घट्ट धरतो आणि मिश्रणात इतर रंगांवर मात करतो. कोबाल्ट ग्रीनचा स्वभाव नेमका उलट आहे.

त्याची रंगशक्ती कमी असते, म्हणून मिश्रणात दुसरा रंग थेंबाथेंबानेच घालावा. अपारदर्शकता पाहण्यासाठी कागदावर जलरोधक काळ्या शाईची रेघ ओढावी, ती वाळल्यावर वरून दाट रंग फिरवावा आणि रेघ कितपत झाकली जाते ते पाहावे.

या रंगाचे खरे सौंदर्य त्याच्या जड कणांत आहे. खरबरीत कागदावर भरपूर पाण्याचा थर दिला आणि फळी किंचित तिरपी ठेवली, की कण कागदाच्या खळग्यांत बसतात व दाणेदार पोत उमटतो. पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत थर सावकाश वाळतो, तेव्हा ड्रायर न लावता थांबावे आणि अर्धवट ओल्या थरावर पुन्हा कुंचला फिरवू नये. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळल्यास मिळणारा करडा रंग शेवाळलेल्या काळ्या कातळाला शोभतो, आणि तो मला कोणत्याही तयार करड्यापेक्षा प्रिय आहे.

उन्हाने हा रंग सहसा फिकटत नाही. मात्र कोबाल्टची धूळ श्वासात जाणे अपायकारक असल्याने वाळलेला रंग खरवडू नये, तो फवारू नये आणि कुंचल्याचे टोक ओठांनी काढू नये.

डोंगरावर धुके हवे असल्यास वाळलेला थर स्वच्छ ओल्या कुंचल्याने भिजवून कापडाने हलकेच टिपावा. कण बरेचसे सहज उचलले जातात.