खुराड्याखालून उकरून येणाऱ्या प्राण्यांना रोखायचं तर जाळी आडवी अंथरा

भिंती कितीही मजबूत असल्या तरी कोल्हा, कुत्रं किंवा मुंगूस पायथ्याशी माती उकरून खुराड्यात शिरतं. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा ती बाहेरच्या बाजूला अंथरणं कितीतरी सोपं.

१. १२ मिमी चौकोनांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी घ्या, ९० सेंमी रुंद.
२. लांबीभर काटकोनात वाकवा: ३० सेंमी भिंतीला उभी, ६० सेंमी जमिनीवर आडवी.
३. उभा भाग चौकटीला दर १५ सेंमीवर स्क्रू आणि रुंद वॉशर लावून आवळा. नुसत्या स्टेपलच्या पिना ओढल्या की निघतात.
४. आडवा भाग यू आकाराच्या खिळ्यांनी जमिनीला घट्ट बसवा, वर माती पसरा.

कोपरे हमखास राहून जातात. तिथे दोन पट्ट्यांमध्ये चौकोनी जागा उघडी पडते. ७५ सेंमीचा वेगळा तुकडा टाकून तो दोन्ही पट्ट्यांना तारेने बांधा.

प्राणी भिंतीला लागूनच उकरतो. पंजा जाळीवर अडला, तरी मागे सरकून लांबून खणायला तो सहसा जात नाही.

षटकोनी भोकांची पातळ जाळी मात्र इथे वापरू नका. कोंबड्या तिने आत राहतात, पण कुत्रं ती दातांनी फाडतं.