पिंग इकडून जातो, तिकडून येत नाही

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. छपाईचं काम. डिझाइन करणाऱ्या दोघांकडे अॅपलचे मॅक, हिशेबाच्या टेबलावर विंडोज १०, कोपऱ्यात पंख्याखाली लिनक्सचा फाइल सर्व्हर (सगळ्यांच्या फाइल ठेवायचं मशीन) आणि प्लेट काढायच्या मशीनला जोडलेला एक म्हातारा विंडोज एक्सपी. मला नेटवर्क दुरुस्तीच्या नोकरीला लागून तिसरा आठवडा होता. साहेबांचा फोन आला, "सर्व्हर दिसत नाही म्हणतायत, बघून ये."

मी गेलो, सर्व्हरसमोर बसलो आणि हिशेबाच्या मशीनला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' अशी हाक मारली. उत्तर नाही. झालं, मी मनात निकाल देऊन मोकळा. वायर गेली! गाळ्यात उंदीर होतेच, त्यामुळे संशयालाही जागा होती. वायर बदलली. स्विचचं, म्हणजे सगळ्या वायरी जोडणाऱ्या डब्याचं, पोर्ट बदललं. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर क्रिम्प केले. शेवटी स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवरून नवा स्विच घेऊन आलो. तरी उत्तर नाही. शेठ दर अर्ध्या तासाने येऊन नुसतं बघून जात होते, आणि ते न बोलणं जास्त लागत होतं.

संध्याकाळी साहेब आले. ते सर्व्हरकडे गेलेच नाहीत. हिशेबाच्या टेबलावरच्या काकांना म्हणाले, "काका, जरा बसू का?" तिथून सर्व्हरला पिंग केलं. चारही उत्तरं आली.

"इकडून जातोय की. तू इकडून करून पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. चार तासांत एकदाही नाही.

झालं होतं ते असं. आदल्या आठवड्यात इंटरनेटची लाइन बदलली, नवा राउटर बसला. विंडोजला ते नवं नेटवर्क वाटलं आणि त्याने विचारलं, या नेटवर्कवरच्या इतर मशीनना तुमचा पीसी दिसू द्यायचा का? काकांनी शहाण्या माणसासारखं 'नो' दाबलं. नेटवर्क 'पब्लिक' ठरलं. पब्लिकमध्ये विंडोजचा फायरवॉल, म्हणजे दारावरचा राखणदार, बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देत नाही, आणि आजूबाजूची मशीन शोधणंही बंद असतं. म्हणून नेटवर्कची खिडकी रिकामी. सर्व्हर मात्र जागेवर होता. साहेबांनी वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाइप केला, फोल्डर उघडलं. मग नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं आणि चहा मागवला. नवा स्विच मी दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो. दुकानदाराने घेतला नाही.

या कामात नव्याने येणाऱ्याला मी पहिलं हेच करायला लावतो: दोन मशीनमध्ये बोलणं होत नसेल तर दोन्हीकडून पिंग करायचं आणि दोन्ही उत्तरं जशीच्या तशी वहीत उतरवायची. 'पिंग होत नाही' एवढं लिहून आणलं की मी परत पाठवतो. कुठून कुठे होत नाही, आणि स्क्रीनवर नेमकं काय आलं?

कारण न होण्यातही फरक असतो. विंडोजवर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि त्या ओळीत आपलाच आयपी दिसला, तर समजायचं की आपण आपल्याच गल्लीत हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही. समोरचं मशीन बंद असेल, वायर सुटली असेल, किंवा पत्ताच चुकीचा असेल. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'ची गोष्ट वेगळी. समोरचा घरात असूनही दार उघडत नसेल. हे पडताळायचं तर पिंगनंतर लगेच 'एआरपी -ए' (कुठल्या आयपीचं नेटवर्क कार्ड कोणतं, ही यादी) चालवा. त्या आयपीपुढे नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दिसला तर मशीन जिवंत आहे. फायरवॉल पिंग अडवतो, पण 'हा आयपी कुणाचा?' या एआरपीच्या प्रश्नाला मशीनला उत्तर द्यावंच लागतं. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर स्विचचे पैसे वाचले असते.

आणखी एक बारीक गोष्ट, बहुतेक जण वाचतच नाहीत: उत्तराच्या ओळीत येणारा टीटीएल, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होणारा आकडा. विंडोज सहसा १२८ पासून सुरू करतं, लिनक्स आणि मॅक ६४ पासून. एकाच नेटवर्कमध्ये हा आकडा कमी होत नाही. एकदा दादरच्या एका ऑफिसात 'लिनक्स सर्व्हर पिंग होतो, पण फाइल उघडत नाही' अशी तक्रार होती. पिंग खरंच होत होता, पण टीटीएल १२८! म्हणजे उत्तर देणारा लिनक्स नव्हताच. कुणीतरी नव्या लॅपटॉपला हाताने तोच आयपी देऊन ठेवला होता.

पिंग झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. फाइल शेअरिंग ४४५ नंबरच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे मशीनमधल्या सेवेच्या दाराचा नंबर) चालतं, एसएसएच (दुरून लॉगिन) २२ वर, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर. त्या पोर्टला जाऊन विचारायचं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' आहे, लिनक्स-मॅकवर 'एनसी'. ताबडतोब 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीनपर्यंत पोचलात, पण ती सेवा चालू नाही. बराच वेळ नुसतं ताटकळत राहिलं, तर बहुधा मध्ये फायरवॉल आहे. आणि म्हणून फायरवॉल सरसकट बंद करून 'चालू झालं' म्हणत निघून जाणारा माणूस मला आवडत नाही. तपासायला दोन मिनिटं बंद करा हवं तर, पण परत चालू करा आणि हवा तेवढाच नियम उघडा.

पासवर्डपाशी नवी मुलं हमखास अडकतात. लिनक्सवर लॉगिनचा पासवर्ड वेगळा आणि साम्बाचा, म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फाइल देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वेगळा. युजर बनवला तरी 'एसएमबीपासडब्ल्यूडी'ने त्याला साम्बात घ्यावं लागतं. शिवाय विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावाने जोडून घेतं. आधी चुकीच्या नावाने जोडलं गेलं असेल तर नवं नाव कितीही बरोबर असू दे, नकारच येतो. 'नेट यूज'ने जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला पासवर्ड काढा, मग बघा.

आता तो एक्सपी. प्लेटच्या मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालत नव्हतं आणि नवं मशीन घेणं शेठना परवडणारं नव्हतं. मुंबईच्या छोट्या कारखान्यांत असे एक्सपी तुम्हाला भेटतीलच, नाक मुरडू नका. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेची, पहिली आवृत्तीच कळते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या एसएमबीतल्या भगदाडातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ती पहिली आवृत्ती आपसूक बसवणं थांबलं. २०१९ च्या साम्बा ४.११ पासून तिकडेही ती मुळात बंद. म्हणजे सर्व्हर अपडेट केला की एक्सपी मुका. मी एकदा सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ घालून ती पुन्हा चालू केली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. बरोबरच होतं. एका म्हाताऱ्यासाठी अख्ख्या चाळीचं दार उघडं ठेवण्यासारखं ते होतं. पुढे आम्ही सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड लावलं, एक्सपीला त्याच्याशी थेट वायरने जोडलं आणि तेवढ्या वायरीपुरतं एफटीपी (फाइल पाठवायची जुनी पद्धत) चालू केलं. एक्सपीला इंटरनेट नाही, ऑफिसचं नेटवर्क नाही. दिसायला गावठी, पण चाललं.

इकडून जातो, तिकडून येत नाही याचं दुसरं मोठं कारण मुंबईच्या गाळ्यांत पोटमाळ्यावर सापडतं. वर वाय-फाय पोचत नाही म्हणून कुणीतरी बाजारातून राउटर आणतो आणि खालून आलेली वायर त्याच्या इंटरनेटच्या बाजूच्या वॅन पोर्टमध्ये खोचतो. इंटरनेट चालतं, म्हणून सगळे खूश. पण पोटमाळ्यावरच्या लॅपटॉपना आता तो राउटर वेगळे पत्ते देतो. खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. वरून खालचा सर्व्हर उघडतो, कारण राउटर बाहेर जाऊ देतो. खालून वरच्या मॅकवरचं फोल्डर मात्र उघडत नाही, कारण तो आत येऊ देत नाही. विंडोज आणि मॅकचं पटत नाही असं म्हणत लोक दोन-दोन दिवस घालवतात. ऑपरेटिंग सिस्टिमचा यात काही दोष नसतो. त्या राउटरला न वापरलेला वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा, वायर आतल्या बाजूच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

घड्याळही बघत जा. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक धरतं आणि लिनक्स बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. डोमेनचं, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरवरचं, लॉगिन साधारण पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे दार बंद.

कोर्स कुठला करू, असं विचारणारे बरेच असतात. सिस्कोचा सीसीएनए चांगलाच आहे, पत्ते आणि मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा, ते ठरवणारा आकडा) पक्के होतात. पण त्यात हिशेबाच्या टेबलावरचे काका नसतात. घरी जुना लॅपटॉप असेल तर त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, आत लिनक्स बसवा आणि कुठलीही सेटिंग न बदलता दोन्हीकडून पिंग करा. आतून बाहेरच्या राउटरला उत्तर येईल. बाहेरून आतल्या १०.०.२.१५ ला येणार नाही. का, ते आधी वहीत लिहा, पोटमाळ्यावरचा राउटर आठवून. मग नेटवर्क 'नॅट'वरून 'ब्रिज्ड'वर न्या आणि आतल्या मशीनचा नवा पत्ता काय आला ते बघा.