मुहूर्त गाठायचाय ना? मग लग्नाच्या तयारीत या चुका टाळा

मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. नवरा मुलगा पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, गुरुजींनी माइक हातात घेतलेला. नवरी गौरीहरापाशी तयार बसलीय, पण तिला घेऊन येणारा मामाच जागेवर नाही. चार माणसं चार दिशांना धावली. मामा फाटकाशी उभे राहून वऱ्हाडाची बस मागे घ्यायला मदत करत होते, कारण पार्किंगला कुणीच नव्हतं. ते धापा टाकत आले तेव्हा १२:१४ झाले होते. मंगलाष्टकं तीनच म्हणून झाली. ज्या आत्यानं महिनाभर बसून भाचीसाठी कडवी रचली होती, तिचा घडी घातलेला कागद हातातच राहिला.

त्या लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले होते. तो कागद अजून डोळ्यांसमोर आहे. पार्किंगचं काम कुणी विसरलं नव्हतं, ते 'कुणीतरी बघेल' असं सगळ्यांनीच धरलं होतं. लग्नातले बहुतेक घोटाळे असेच होतात. लग्नाचं समन्वयन करणारी व्यक्ती, म्हणजे आपण जिला वेडिंग कोऑर्डिनेटर म्हणतो ती, नेमकं काय करते असं मला बरेच जण विचारतात. कामांच्या यादीत जिथे जिथे 'कुणीतरी' आहे, तिथे ते खोडून एका माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा, हे आमचं अर्धं काम. ते लग्नाच्या कितीतरी आधी सुरू होतं.

आठ दिवस उरल्यावर समन्वयक शोधणं

"सगळं बुक झालंय, तुम्ही फक्त त्या दिवशी उभं राहा," असा फोन येतो तेव्हा मला काळजी वाटते. बुक झालंय म्हणजे काय ठरलंय, हे पावतीवर नसतं. जनरेटरचं डिझेल कुणाचं? कार्यालयाचा ताबा आदल्या दिवशी किती वाजता मिळणार आणि लग्नाच्या दिवशी कधी सोडायचं? बाहेरचा केटरर चालतो का? भांडी घासायला माणसं कुणाची? हे प्रश्न दोन महिने आधी विचारले तर उत्तर मिळतं. आठ दिवस आधी विचारले तर वाद मिळतो.

मुहूर्तांच्या गर्दीत एक गोष्ट हमखास विचारावी. चातुर्मासात लग्नं लागत नाहीत, तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो, आणि अधिक मास आला की आणखी तारखा कमी होतात. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या उरलेल्या तिथींवर किती झुंबड उडणार, हे सांगायला नको. अशा दिवशी एकच डेकोरेटर, एकच फोटोग्राफर दोन-तीन कामं घेतो. त्यात गैर काही नाही, पण आपल्याकडे प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव आधी लिहून घ्या. पैसे घेताना बोललेला माणूस आणि लग्नाच्या दिवशी उभा असलेला माणूस वेगळे निघाले, तर 'स्टेजवर पिवळी फुलं नकोत' हे सांगितलेलं वाऱ्यावर जातं.

वेळापत्रक सकाळपासून लिहिणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. सहा वाजता उठायचं, सातला नाश्ता, आठला मेकअप, असं वरून खाली लिहीत गेलं की शेवटी मुहूर्तापर्यंत येताना मिनिटं संपलेली असतात. वेळापत्रक मुहूर्तापासून मागे मोजत लिहायचं.

मुहूर्त १२:१७. मंगलाष्टकांच्या शेवटी येणारं 'तदेव लग्नं' त्या क्षणाला यायला हवं. त्याआधी मंगलाष्टकं. संथ चालीत एक कडवं म्हणायला मिनिट-दीड मिनिट लागतं. म्हणून मी दोन्ही घरांत आधीच विचारून घेते की कोण कोण म्हणणार आणि किती कडवी. गुरुजींची आणि घरच्यांची मिळून बारा कडवी झाली तर पंधरा-अठरा मिनिटं धरावी लागतात. थोडी सवड ठेवून ११:५५ला सुरुवात. ११:५०ला मुलगी मामासोबत येणार. नवरा मुलगा त्याआधी पाच मिनिटं जागेवर. गौरीहराची पूजा सव्वाअकराच्या आत सुरू. त्यासाठी नवरी अकराला पूर्ण तयार: नऊवारी नेसून, मुंडावळ्या बांधून, दागिने घालून. नऊवारी, केस आणि मेकअप यांना तीन तास धरा, म्हणजे आठला ती खुर्चीत बसलेली हवी, आणि बसण्यापूर्वी तिनं पोटभर खाल्लेलं हवं. मेकअप झाल्यावर तिच्या पोटात पाण्याचा घोटही नीट जात नाही.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कुणीच लिहीत नाही: साडी बदलणं. अनेक घरांत मंगलाष्टकांना मामाकडची पिवळी अष्टपुत्री आणि पुढच्या विधींना शालू असतो. कितीही घाई केली तरी त्याला पंचवीस-तीस मिनिटं जातात. तेवढा वेळ गुरुजी होमापाशी बसून असतात, मुलीचे आईवडील कन्यादानासाठी ताटकळतात, आणि फोटोग्राफर तेवढ्यात नवऱ्या मुलाला 'दोनच फोटो' म्हणून बागेत घेऊन जातो. मग नवरी येते आणि नवरदेव गायब. हे अंतर वेळापत्रकात लिहा, आणि त्या अर्ध्या तासात नवरदेवाजवळ कोण थांबणार तेही लिहा.

गुरुजींशी शेवटी बोलणं

डेकोरेटरशी दहा बैठका होतात, गुरुजींशी एक फोन. खरं तर दिवसाचा कणा गुरुजींच्या हातात असतो. त्यांच्याकडून सामानाची यादी महिनाभर आधी घ्या आणि कोणतं सामान ते आणणार, कोणतं आपण, हे प्रत्येक ओळीपुढे लिहा. सुपाऱ्या, विड्याची पानं, नारळ सगळेच आणतात. राहून जातात त्या गोष्टी ठरलेल्या: अंतरपाट, लाह्या, सहाण, कानपिळीला मुलीच्या भावासाठी द्यायचं वस्त्र, आणि काडेपेटी. मी एक डबा कायम सोबत ठेवते. त्यात काडेपेटी, कापूर, सेफ्टी पिना, सुईदोरा, कात्री, तुपाची छोटी बरणी आणि एक कोरा अंतरपाट असतो. तो अंतरपाट आजवर दोनदा उपयोगी पडला आहे.

लग्न हॉटेलच्या वातानुकूलित हॉलमध्ये असेल तर होमाची लेखी परवानगी घ्या. छताला धुराचे सेन्सर असतात. लाजाहोमाच्या पहिल्या आहुतीला अलार्म वाजला तर वातावरण जे विस्कटतं ते पुन्हा जमत नाही. व्यवस्थापकाशी बोलून तेवढ्या वेळेपुरती सोय करून घेता येते, नाहीतर होम बाहेरच्या मांडवात करायचा.

आणि सप्तपदी उरकू नका. जेवणाची वेळ झाली म्हणून 'गुरुजी, थोडक्यात घ्या' असं कुणी मागून म्हणतं तेव्हा मी नम्रपणे त्यांना बाजूला घेते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार, ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. ज्या गोष्टीसाठी एवढा मांडव घातला, ती हीच आहे. माझी दोन्ही घरांना एकच विनंती असते की या दहा मिनिटांत फोटोग्राफरनं त्या दोघांना 'इकडे बघा' म्हणायचं नाही.

ताटांचा अंदाज आणि ताटांची मोजणी

केटररला आकडा सांगताना पत्रिकेच्या याद्या मोजून चालत नाही. दोन्ही घरांच्या याद्या शेजारी ठेवून प्रत्येक नावापुढे 'नक्की', 'बहुतेक', 'फक्त आहेर देऊन जाणार' असं लिहा. कामाचा दिवस असेल तर ऑफिसची मंडळी जेवायला थांबतात, पण एक ते दोनच्या दरम्यान सगळी एकदम येतात. त्या तासासाठी पोळीचे तवे वाढवून घ्यायला सांगा. ताटं संपण्याआधी रांग कंटाळते.

वाद होतो तो हिशेबाच्या वेळी. केटरर म्हणतो साडेसहाशे, यजमान म्हणतात पाचशे. मोजायला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस सुरुवातीपासून ताटांच्या गठ्ठ्यापाशी बसवा, आणि सुरुवातीला किती ताटं होती यावर दोघांच्या सह्या घ्या. बँडवाले, ड्रायव्हर, मेकअपवाल्या ताई, सनईवाले यांची ताटं आधीच धरा. सकाळी पाचपासून राबलेल्या माणसाला तीन वाजता 'भाजी संपली' ऐकावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. मुलीचे आईवडील कन्यादान होईपर्यंत उपाशी असतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या एका आईला मी भोवळ येऊन भिंतीला टेकताना पाहिलंय. तेव्हापासून मी आदल्या दिवशी दोघांच्या औषधांबद्दल विचारते, गुरुजींची संमती घेते आणि दूध-केळं हाताशी ठेवते. विहीण पंगतीची आणि नवरा-नवरीची ताटं गरम, वेगळी झाकून ठेवायची. त्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाचं नावही यादीत.

नवरीच्या खोलीतली वीज

ही छोटी गोष्ट आहे, पण सकाळ बिघडवते. खोलीतला गिझर दोन हजार वॅट, हेअर ड्रायर दीड हजार, इस्त्री एक हजार. तिन्ही एकदम लावले की साडेचार हजार. सोळा अँपिअरच्या लाइनवर साधारण साडेतीन हजारच चालतात, त्यामुळे एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, पडतो. आदल्या रात्री अंघोळींचे नंबर लावा, इस्त्री दुसऱ्या खोलीत करा आणि कार्यालयाच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर दारावर चिकटवा. रात्री मोकळ्या लॉनवर संगीत असेल तर दहा वाजता स्पीकर बंद करायचे असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ठरलेली आहे, तेव्हा कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आखा.

सगळे फोन मुलीच्या बाबांना

फुलवाला रस्ता चुकला, फोन बाबांना. आइस्क्रीमची गाडी आली, फोन बाबांना. एका लग्नात कन्यादानाची धार हातावर पडत असताना बाबांचा खिसा वाजत होता आणि त्यांचं लक्ष तिकडे जात होतं. लेकीच्या हातावर हात ठेवण्याचा तो क्षण पुन्हा येत नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी सगळ्या कामकऱ्यांना एकच नंबर कळवा: समन्वयकाचा, किंवा समन्वयक नसेल तर घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या भावाचा. आईबाबांचे फोन सकाळी काढून घ्यायचे. द्यायचे पैसे आधीच पाकिटांत, वर नाव आणि रक्कम लिहून, त्याच माणसाकडे.

मुलाकडच्यांसाठीही असाच एक माणूस ठरवा. मानपानाचे रुसवे पुष्कळदा निरोप न पोचल्यानं होतात. सीमांतपूजनाला कुणाकुणाला बोलवायचं, पाय कुणाचे धुवायचे, साड्या कुणाला, हे दोन घरांनी बसून नावानिशी ठरवलं असेल तर वरमाईला वाट पाहायला लागत नाही.

ऐनवेळी बिघडलंच तर

पहिली पाच मिनिटं ओरडण्यात घालवू नका. गुरुजी वाहतुकीत अडकले तर त्यांच्याच ओळखीच्या दुसऱ्या गुरुजींचा नंबर आधी घेतलेला असावा. माइक बंद पडला तर मंगलाष्टकं माइकशिवाय सुरू करा, मुहूर्त आवाजासाठी थांबत नाही. जेवण कमी पडतंय असं दिसलं तर आचाऱ्याला पहिल्यांदा भात आणि पुऱ्या वाढवायला सांगा, त्या सगळ्यात लवकर होतात. पावसाची शक्यता असेल तर लॉनवरून हॉलमध्ये हलायचा निर्णय किती वाजता आणि कोण घेणार हे आदल्या दिवशीच ठरवा. ढग बघत दहा जण चर्चा करत राहिले तर खुर्च्या भिजतात.

अक्षता पडल्या की काम संपलं असं समजणं

गुरुजी दक्षिणा घेऊन निघण्यापूर्वी विवाह नोंदणीच्या अर्जावर त्यांची सही घ्या. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते, तीन साक्षीदार लागतात, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही. नंतर त्यांच्यामागे फिरण्यात कितीतरी जोडप्यांचे शनिवार जातात, आणि व्हिसासाठी प्रमाणपत्र हवं असेल तर जीव टांगणीला लागतो. साक्षीदारही त्या दिवशी तिथेच असतात. पत्रिकेच्या दोन प्रती आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स मी एका फाइलमध्ये घालून मुलाच्या बहिणीकडे देते.

मग पाठवणी. मुलीची छोटी बॅग, तिची रोजची औषधं, चार्जर, एक साधा सुती ड्रेस, हे सगळं ती ज्या गाडीत बसणार त्याच गाडीत आहे का, ते मी स्वतः डिकी उघडून बघते. गाड्या गेल्यावर खोल्यांतून एक फेरी मारते: उशांखाली, आरशाच्या मागे, न्हाणीघराच्या खुंटीवर. मागच्या महिन्यात खुंटीवर आजीची ठुशी लटकत होती. चाव्या परत करण्याआधी ती रुमालात बांधून मुलीच्या आईच्या हातात दिली.