कर्ज थकलंय, मग बँक खातं कसं सांभाळायचं?

२०१८ ला गोव्यातल्या खाणी परत बंद झाल्या तेव्हा आमच्या सांगे भागात खाणीवरच्या ट्रकचे हप्ते थकले, माझेही, आणि मी मोठा शहाणा, जिथे कर्ज तिथेच बचत खातं ठेवून बसलेलो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळांचं) सामान आणायला एटीएमवर गेलो तर बॅलन्स शून्य! बँकेने हप्त्यात वळवून घेतलेले, तसा हक्क त्यांना असतो.

म्हणून पहिलं काम, जिथे तुमचं काहीच देणं नाही अशा दुसऱ्या बँकेत खातं उघडा. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब असलं तरी साधं बचत खातं मिळतं, घाबरू नका. बेसिक सेव्हिंग्ज खातं मागा, मिनिमम बॅलन्स नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चार वेळा फुकट पैसे काढता येतात. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं चालत नाही. आधार, पॅन न्या. काउंटरवरचा टाळाटाळ करायला लागला तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही.

पगार, गॅस सबसिडी नव्या खात्यात वळवा. आणि जुन्या खात्यावरचे ऑटो-डेबिट, म्हणजे आपोआप कापले जाणारे पैसे, बघा हां, खात्यात पैसे नसले की प्रत्येक बाउन्सला दंड लागतो, तो वेगळाच.