रोबस्टा कॉफी लावताय? आधी फेब्रुवारीतलं पाणी मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात कॉफी लावायची म्हणणाऱ्याला मी पहिलं विचारतो, फेब्रुवारीत तुमच्या ओढ्याला पाणी किती असतं? पावसाळ्यातलं सांगू नका. मलप्रभा आपल्या कणकुंबीतच उगवते, पावसाचं कौतुक आपल्याला नको.

अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती, त्यांच्या वादात पडू नका, रोबस्टाच लावा. अरेबिकाला १००० मीटरच्या वरची उंची मानवते, आपल्या बहुतेक वाड्या त्याखाली. खालच्या उष्ण जागी, विरळ सावलीत खोडकिडा तिला पोखरतो. भाव जास्त म्हणून अरेबिकाची रोपं गळ्यात मारणारे येतील. चहा पाजून वाटेला लावा.

आता फुलोरा. रोबस्टाच्या कळ्या थंडीत पेरांवर धरून थांबतात. तेव्हा झाड तहानलेलंच हवं. मग फेब्रुवारी-मार्चात एकदम पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत बाग पांढरी होते. पाणी किती? २५ ते ४० मि.मी. इथंच आम्ही फसलो, आणि अजून बरेच फसतात. एकरावर २५ मि.मी. म्हणजे लाखभर लिटर! माती वरून काळी दिसली की माणूस पाइप पुढं सरकवतो. अर्धपोटी राहिलेली कळी फुगते, पण उमलत नाही. गुलाबी पडते, मग वाळून बोटांत चुरते. अजिबात पाणी दिलं नाही तर निदान वळवाची आशा असते. थोडं दिलं की तीही गेली. नंतर कितीही ओता, ती कळी परत येत नाही.

म्हणून स्प्रिंकलरच्या टप्प्यात, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागी सरळ भिंतीचे डबे ठेवा आणि पट्टी बुडवून बघा. २५ मि.मी. भरल्याशिवाय हलवू नका. पाणी कमी असेल तर निम्मीच बाग भिजवा, पण पोटभर. पंधरा-वीस दिवसांनी दुसरं पाणी लागतं, तेही हिशेबात धरा.

एवढं सांभाळलं तर बाकीचं जमतं, खरंच. सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओकच्या झाडांवर मिरी चढवा, तिचा आधार मोठा.

फळं लाल झाल्यावरच तोडा आणि त्याच दिवशी सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरा. मातीवर वाळवलेल्या कॉफीला मातीचाच वास लागतो. दिवसभर परतत राहा. संध्याकाळी गोळा करून झाका, डिसेंबरचं दव वाईट. मूठभर फळं कानाशी खुळखुळली म्हणजे वाळली असं नाही. ओलावा ११ टक्क्यांवर यायला हवा. व्यापाऱ्याच्या मीटरवर विसंबू नका, चार शेजाऱ्यांत मिळून एक घ्या.

सल्ला हवा तर चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राला विचारा, १९२५ पासून त्यांचं तेच काम आहे. कोडगूतली (कुर्गमधली) एखादी कॉफी इस्टेट एकदा फिरून आलेले ‘गुरू’ सोडा. तिथल्या इस्टेटींत तळी असतात, हे ते सांगत नाहीत. रोपं लावल्यावर तीन-चार वर्षं हातात काही येत नाही. तोवर भात आणि काजू मोडू नका.