घरच्या सरपणासाठी परवडणारा हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर कसा निवडावा

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत किंवा कॅनडात जुनं घर घेतलं की बऱ्याचदा त्यासोबत एक वुड स्टोव्हही पदरात पडतो. पहिला हिवाळा विकतच्या लाकडांवर निघतो. मग अंगणातलं एखादं झाड पाडावं लागतं, ओंडक्यांचा ढीग पडतो, कुऱ्हाड येते आणि काही दिवसांत खांदा बोलायला लागतो. त्यानंतर लॉग स्प्लिटरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने पाचर ढकलून ओंडके फोडणाऱ्या यंत्राचा, शोध सुरू होतो आणि दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती टनी हवा?', म्हणजे किती टनांचा जोर लावणारा. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. उदाहरणं मिशिगनची देतोय, कारण इथलं लाकूड माझ्या ओळखीचं आहे.

१. आधी वर्षाचं लाकूड मोजा

इथे लाकूड कॉर्डमध्ये मोजतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब अशी रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. मिशिगनमध्ये विकणारे मात्र सर्रास 'फेस कॉर्ड'चा भाव सांगतात. तीही ४ बाय ८ची रास, पण एकाच ओंडक्याइतकी खोल. ओंडका १६ इंची असेल तर तीन फेस कॉर्डचा एक कॉर्ड होतो. हिशेब करताना यात गल्लत झाली तर गरजेच्या तिप्पट मोठं यंत्र घरी येतं.

वर्षाला एक-दोन कॉर्ड जाळत असाल तर यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानात पेट्रोलवरचा मोठा स्प्लिटर दिवसाच्या भाड्याने मिळतो. ओंडके आधी कापून एका जागी रचून ठेवले आणि नेटाने काम केलं, तर वर्षाचं सरपण एका शनिवारी उरकतं. शेजारी-मित्र मिळून भाडं वाटून घेतलं तर आणखी उत्तम.

२. झाड कोणतं आणि बुंधा किती जाड

लाकूड कठीण म्हणजे फोडायला अवघड, असा सरधोपट समज असतो. लाकडाचा कठीणपणा मोजण्याच्या जांका मापात अ‍ॅश १,३२० वर आहे आणि अमेरिकन एल्म अवघ्या ८३० वर. तरीही अ‍ॅशच्या ओंडक्याचे एका दणक्यात दोन तुकडे होतात. एल्म मात्र पाचर आरपार गेली तरी धाग्याधाग्यांनी लोंबकळत राहतो, आणि शेवटी कुऱ्हाडीनेच तोडावा लागतो. कारण एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून लाकूड किती कठीण यापेक्षा त्याचे तंतू सरळ आहेत का आणि गाठी किती आहेत, हे बघा.

२००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा किडा सापडला. त्याने पुढे अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली. त्यामुळे या भागात अनेकांच्या अंगणात वाळलेला अ‍ॅश उभा असतो. तुमचं सरपण मुख्यतः हेच असेल आणि बुंधा १० ते १२ इंचांपर्यंत असेल, तर लहान यंत्र पुरतं. रेड ओकही सरळ फुटतो, पण त्याचा बुंधा जाड असतो. २४ इंच व्यासाचा आणि १६ इंच लांबीचा ओला ओक ओंडका ११०-१२० किलोंच्या घरात जातो. तो उचलून आडव्या यंत्रावर ठेवणं एकट्याचं काम नाही. असे ओंडके नेहमी येणार असतील तर उभं करता येणारं यंत्र घ्या. त्यात ओंडका जमिनीलगतच्या पाटावर लोटायचा आणि पाचर वरून खाली येते. पाठीसाठी ही सोय टनांपेक्षा मोलाची आहे.

३. वीज, पेट्रोल की हात?

हाताने पंप मारायचे स्प्लिटर सगळ्यात स्वस्त. पण दट्ट्या इतका सावकाश सरकतो की कॅम्पिंगपुरतं सरपण सोडलं तर कंटाळा येतो.

विजेवरचे यंत्र साधारण ४ ते ७ टनांचे, किंमत ३०० ते ४५० डॉलरच्या आसपास. माझ्या मते वर्षाला दोन-तीन कॉर्ड जाळणाऱ्या बहुतेक घरांना हेच पुरेसं आहे. आवाज कमी, धूर नाही, गॅरेजमध्ये कोपऱ्यात मावतं. मोटर साधारण १,५०० वॉटची असते, म्हणजे १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर. १५ अँपिअरच्या सर्किटवर त्याच वेळी दुसरं काही लावू नका. एक्स्टेन्शन कॉर्ड १२ गेजची आणि शक्य तितकी आखूड घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. दिव्यांच्या माळेची बारीक वायर वापरली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि दोष मात्र यंत्राला जातो.

पेट्रोलवरचं २० ते २७ टनी यंत्र हजार-दीड हजार डॉलरच्या घरात जातं. चार-पाच कॉर्डच्या वर गेलात, किंवा जाड आणि गाठाळ लाकूड असेल तरच हा खर्च पटतो. इंजिनाची निगा आलीच: हिवाळ्यात पेट्रोल टाकीत सोडून दिलं की कार्ब्युरेटर चिकटतो.

४. टनांची जाहिरात स्वतः तपासा

यंत्राचा जोर दोनच गोष्टींवर ठरतो: सिलिंडर आतून किती रुंद आणि तेलाचा दाब किती. सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा वर्ग करा, त्याला ०.७८५ ने गुणा, मग दाबाने गुणा. आलेल्या पौंडांना २,००० ने भागलं की अमेरिकन टन मिळतात.

समजा सिलिंडर ४ इंची आहे आणि दाब ३,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड). ४ गुणिले ४ म्हणजे १६, गुणिले ०.७८५ म्हणजे १२.५६ चौरस इंच. त्याला ३,००० ने गुणलं की ३७,६८० पौंड, म्हणजे १९ टनांनाही थोडं कमी. आता त्याच ४ इंची सिलिंडरवर '२५ टन' असं लेबल असेल, तर ४,००० पीएसआयच्या आसपास दाब लागेल. पंप आणि व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाचे आहेत का, हे माहितीपत्रकात बघा. नसतील तर तो आकडा फक्त लेबलवरचा. साडेचार इंची सिलिंडर ३,०००वर जवळपास २४ टन देतो, पाच इंची साडेएकोणतीस.

५. वेग

पेट्रोलच्या यंत्रात दोन टप्प्यांचा पंप असावा. पाचर मोकळी सरकताना तो भरपूर तेल ढकलतो. लाकडाने अडवलं की तेल कमी, पण जोर जास्त. ११ गॅलन प्रति मिनिट तेल ढकलणारा पंप घरगुती कामाला पुरतो.

६. जुनं घेताना

यंत्र थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीही लपवतं. दट्ट्याचा दांडा पूर्ण बाहेर काढा आणि त्यावर फडकं फिरवा. खरचटलेला किंवा गंजाचे फोड आलेला दांडा सीलं खातो, आणि मग तेल गळत राहतं. टाकीतलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पाचर ज्या तुळईवर सरकते ती एका टोकाकडून बघा, वाकलेली असेल तर सौदा सोडा.

गळती शोधायला नळीवरून हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी थेट इमर्जन्सीत जायचं.

७. पहिल्या दिवशी

बऱ्याच विजेवरच्या यंत्रांत तेलाच्या टाकीतली हवा सोडायला एक ब्लीड स्क्रू असतो. काम सुरू करण्यापूर्वी तो थोडा सैल करायचा, काम संपल्यावर घट्ट. हे विसरलं तर अडकलेल्या हवेने सीलं जातात. ओंडका नेहमी तंतूंच्या दिशेने ठेवा, आडवा कधीच नाही. आणि ओंडका ठेवणारा आणि लिव्हर ओढणारा माणूस एकच असू द्या. 'मी ठेवतो, तू दाब' या पद्धतीत बोटं जातात.

खरेदीची घाई ऑक्टोबरमध्ये करू नका. अ‍ॅश फोडून रचला की एका उन्हाळ्यात बऱ्यापैकी वाळतो, ओकला बहुधा दोन लागतात. स्टोव्हसाठी लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, आणि थंडीच्या तोंडावर फोडलेलं ओलं लाकूड त्या वर्षी धूरच करणार. यंत्र मार्च-एप्रिलपर्यंत घरी आणलं, तर मे महिन्यापर्यंत ढलप्या रचून होतात आणि त्यांना आख्खा उन्हाळा मिळतो.